यायचं असेल तर या

"हॉटेलात उतरू नकोस. हॉटेलात उतरलीस तर तू तिथं गेलीस असं मी धरणार नाही."

हे असं म्हणाले तेव्हा दवाखान्यातल्या खाटेवर उशीला टेकून बसले होते आणि मी मोसंबं सोलत होते. तीन दिवसांनी गेले, पण त्या दिवशी त्यांचा आवाज अगदी नीट होता.

"कुठं म्हणताय?"

"क्वालालंपूरला. कधी ना कधी जाशीलच. आँटी चिआकडे उतर. पत्ता माझ्या निळ्या वहीत आहे. आणि तिच्या हातचं जेव. मी शब्द दिलाय तिला."

मी "हो" म्हटलं आणि मोसंब्याची फोड त्यांच्या हातात दिली.

हे त्र्याऐंशी ते सत्त्याऐंशी अशी चार वर्षं तिकडे होते. पामतेलाच्या कारखान्यांचे बॉयलर तपासायचे. चारही वर्षं आँटी चिआ नावाच्या एका चिनी बाईंच्या घरी वरच्या खोलीत राहिले, तिथंच जेवले. मी इकडे कराडला, सासूबाईंपाशी.

ह्यांच्या माघारी जी पहिली आषाढी एकादशी आली, त्या दिवशी मी नेम धरला. पाच वर्षं, चातुर्मासात परान्न घ्यायचं नाही. दुसऱ्याच्या हातचं शिजलेलं तोंडात घालायचं नाही. आपलं आपण रांधायचं, नाही जमलं तर फळ आणि दूध. पुण्य ह्यांच्या नावानं सोडायचं. माझे नेम तसे लग्नाआधीपासूनचे, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. नेम धरताना दवाखान्यातला तो "हो" मला आठवला नव्हता असं नाही. आठवला होता. पण कराडच्या देवघरात बसून क्वालालंपूर फार लांब वाटतं.

पाचव्या वर्षी, नेमका श्रावणात, तिकडे जायचा योग आला. माझी नणंद, नलूवन्सं, बँकेतून निवृत्त झालेल्या. त्यांच्या मुलाला, मंदारला, सिंगापुरात मुलगा झाला. बारशाला त्या मला बरोबर घेऊन गेल्या. वीस दिवस राहिलो, आणि परतीच्या आधी तीन दिवस क्वालालंपूर बघायचं ठरलं. याला आता पंधरा वर्षं झाली.

सिंगापूरहून बसनं निघालो. वन्संनी तोवर धरून ठेवलेलं सगळं बसमध्ये बाहेर आलं.

"माझ्या सुनेनं वीस दिवस एक शेगडी तुमच्यासाठी रिकामी ठेवली," त्या म्हणाल्या. "बाळंतीण ती. तिच्या आईनं डिंकाचे लाडू पुढं केले तर तुम्ही हात जोडलेत. तिला काय वाटलं असेल?"

"मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं तिला, वन्सं."

"सांगितलं होतंत. विचारलं नव्हतंत."

बाहेर पामची झाडं रांगेनं मागं जात होती. एकाच उंचीची, एकाच अंतरावर, संपतच नव्हती.

"मंदारनं इतकं चांगलं हॉटेल घेतलंय," वन्सं म्हणाल्या. "खिडकीतून ते जुळे मनोरे दिसतात. आणि तुम्हाला उतरायचंय कुठल्याशा गल्लीत."

"ह्यांनी सांगितलंय."

"दादा काय सांगून गेला ते मला ठाऊक आहे. चार वर्षं राहिला त्या बाईकडे. आँटी म्हणे. तुम्ही एकदा तरी विचारलंत का हो, आँटी म्हणजे केवढ्या वयाची?"

मी पदर सारखा केला.

"कशाला विचाराल. तुमचा अध्याय राहिला असता."

निघण्याआधी दोन महिने मी आँटी चिआंना पत्र पाठवलं होतं. मला इंग्रजी वाचलेलं, ऐकलेलं सगळं समजतं. मॅट्रिकला चांगले गुण होते. बोलायची मात्र सवय नाही, जीभ वळत नाही. शब्दकोश घेऊन चार ओळी लिहिल्या: मी मिस्टर होनपांची पत्नी, ते आता नाहीत, मला तीन दिवस तुमच्याकडे राहायचं आहे. उलट टपाली कार्ड आलं. त्यावर दोनच वाक्यं होती. खोली आहे. यायचं असेल तर या.

वन्संना मी ते कार्ड दाखवलं होतं. "हे आमंत्रण म्हणायचं का समन्स?" त्या म्हणाल्या होत्या. शेवटी त्यांनी तोड काढली, की आधी आँटीकडे जायचं, बाई बघायची, मग मी तिथं राहायचं आणि त्यांनी हॉटेलात. हॉटेलची खोली मात्र दोघींच्या नावावर तशीच ठेवायची. "लागेल," त्या म्हणाल्या.

ब्रिकफील्ड्सला, आँटींच्या वस्तीत, टॅक्सी वळली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. रस्त्याच्या एका अंगाला मोगऱ्याचे गजरे, दुसऱ्या अंगाला शवपेट्यांचं दुकान. पलीकडे देवळाचं गोपूर, त्याला लागून चर्च, आणि त्यांच्या डोक्यावरून खांबांवरची एका रुळाची रेल्वे सरकत गेली. डोक्याला रुमाल बांधलेल्या दोन मलय मुली तमिळ माणसाकडून वडे घेत होत्या. ह्यांच्या पत्रांतून हा रस्ता मी वाचलेला होता. आँटींचं घर दुमजली, चाळीसारखं शेजारच्या घरांना चिकटलेलं, दाराला लोखंडी सरकती जाळी.

जाळी सरकवली ती ऐंशीच्या पुढच्या एका बाईंनी. पाठीत वाकलेल्या, केस मुलासारखे कापलेले, अंगात फुलाफुलांचा सैल झगा आणि तसलीच विजार. वन्संनी त्यांना नखशिखान्त पाहिलं आणि मग चपला काढायला जरा जास्तच वेळ घेतला.

"उशीर झाला," आँटी चिआ इंग्रजीत म्हणाल्या.

"ट्रॅफिक होता," वन्संनी सांगितलं.

"चोवीस वर्षं ट्रॅफिक होता?"

वन्संनी माझ्याकडे पाहिलं. मी नमस्कार केला. आँटींनी तो घेतला नाही, टाकलाही नाही. वळून आत चालू लागल्या.

आत समोरच त्यांचं देवघर होतं. लाल दिवे, उदबत्त्यांची राख भरलेलं भांडं, तीन संत्री. जेवायच्या टेबलाशी चार खुर्च्या होत्या. त्यांतली भिंतीकडची एक हातानं दाखवून त्या म्हणाल्या, "ही त्याची. तिथं बसू नका."

मग वरची खोली दाखवली. जिना चढताना मध्ये थांबून दम खाल्ला, पण माझा पुढं केलेला हात धरला नाही. इस्त्रीची चादर, घडी घातलेला टॉवेल, डांबरगोळ्यांचा वास. खिडकीत फणसाचं झाड. ह्यांनी त्या झाडाबद्दल लिहिलं होतं, की याचे गरे आपल्या कोकणातल्यासारखे नाहीत. मी खिडकीशी जरा उभी राहिले.

"पाहून झालं?" आँटी म्हणाल्या. "आता खाली. जेवण निवतंय."

खाली टेबलावर दोन ताटं मांडलेली. पांढरा भात, फरसबीची भाजी, आणि काचेच्या वाडग्यात आमटी. रंग जरा फिका, दालचिनी अंमळ जास्त, गोडा मसाला अर्थातच नाही. पण चिंच होती, गूळ होता, हिंगाची फोडणी होती. वास आमटीचाच होता.

"आम्टी," आँटी म्हणाल्या. "त्यानं शिकवली. टायफॉइड झाला होता तेव्हा पडल्या पडल्या सांगायचा, आता हे घाल, आता ते घाल. लसूण नको म्हणायचा. बायकोला चालत नाही म्हणे. बायको इथं नव्हती, तरी लसूण नको."

वन्सं खुर्चीवर बसल्या. मी उभीच होते.

"वन्सं," मी मराठीत म्हटलं, "त्यांना समजावून सांगा. म्हणावं, माझा नेम आहे, ह्यांच्यासाठीच धरलाय. अडीच महिने राहिलेत. रागावू नका म्हणावं. मी माझा भात माझ्या हातानं टाकून घेते."

वन्संनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग आँटींकडे वळून, बँकेत कर्ज नाकारताना बोलत असतील तशा स्वच्छ इंग्रजीत त्यांनी सांगितलं, "माझी वहिनी म्हणते, या घरात मांस शिजतं. त्यामुळे इथलं अन्न तर सोडाच, पाणीही तिला चालणार नाही."

मला शब्दन् शब्द समजला. आणि वन्संना ठाऊक होतं, की मला समजतो.

मी असं म्हटलं नाही, एवढंच सांगायचं होतं. चार-पाच शब्दांचं वाक्य. ते तोंडात तयारही झालं. बाहेर आलं नाही.

आँटींनी दोन्ही ताटं उचलली. वन्संचा घास हातात होता, तो हातातच राहिला. ताटं त्यांनी आतल्या ओट्यावर ठेवली, आमटीवर झाकण घातलं, आणि जिन्याखालच्या कपाटातून एक खोकं ओढून आणलं. वाकून, जमिनीवरून फरफटत. मी पुढं झाले तर म्हणाल्या, "राहू दे."

खोक्यात चिनी अक्षरांच्या, पिवळ्या पडलेल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली भांडी होती. दोन पातेली, कढई, डाव, ताट, दोन वाट्या, पाण्याचं भांडं. सगळं स्टीलचं, कोरं. एका पातेल्याच्या बुडावर दुकानाची चिठ्ठी अजून चिकटलेली.

"पंच्याऐंशी साली," आँटी म्हणाल्या. त्या वन्संशी बोलतच नव्हत्या आता, माझ्याशी बोलत होत्या. "त्यानं सांगितलं, बायको येतेय. सांगितलं, ती फार सोवळ्याची आहे, मांस लागलेल्या भांड्यातलं खात नाही. मी म्हटलं, मग नवी भांडी आणू. कोपऱ्यावरच्या तमिळ दुकानातून आणली. माझ्या सख्ख्या बहिणीलाही यातलं एक पातेलं दिलं नाही. माझ्या मुलाच्या लग्नात भांडी कमी पडली, तरी हे खोकं उघडलं नाही. तुम्ही आला नाहीत."

"तेव्हा तुमचं जाणं का राहिलं हो?" वन्संनी मध्येच मला विचारलं. त्यांना काहीतरी जुळत नव्हतं.

आँटींना मराठी येत नव्हतं, पण पुढचं त्यांचं वाक्य त्याचंच उत्तर होतं. "तो म्हणाला, आई फार आजारी आहे, बायकोला निघता येत नाही. मी देवापाशी त्याच्या आईसाठी उदबत्ती लावली. महिनाभर."

"आई?" वन्सं मराठीत म्हणाल्या. "पंच्याऐंशी साली आई माझ्याकडे नाशिकला दोन महिने राहून गेली. ठणठणीत होती. आणि आम्हाला तर दादानं कळवलं होतं, वहिनीचा पासपोर्ट झाला नाही म्हणून." त्या माझ्याकडे वळल्या. "झाला नव्हता ना?"

"झाला होता," मी म्हटलं. "तिकीटही आलं होतं."

"मग?"

"मीच कळवलं, येत नाही म्हणून."

"काय कळवलंत?"

"आत्ता तुम्ही त्यांना इंग्रजीत जे सांगितलंत ना, वन्सं. तेच. ज्या घरात मांस शिजतं तिथलं पाणीही मला चालायचं नाही. असंच लिहिलं होतं."

मला टोचायला म्हणून वन्संनी मनानं एक वाक्य बनवलं होतं, आणि ते चोवीस वर्षांपूर्वी माझ्याच हातानं लिहिलेलं निघालं. मग मी ते कुठल्या तोंडानं नाकारणार होते?

ह्यांनी त्या पत्राला उत्तर लिहिलं, त्यात पत्राचा उल्लेखच नव्हता. पाऊस कसा आहे, आईचे गुडघे कसे आहेत, फणसाला फळ धरलंय. परत आल्यावर सतरा-अठरा वर्षं एका घरात राहिलो, एका शब्दानं कधी बोलले नाहीत. एवढंच, की दर उन्हाळ्यात म्हणायचे, एकदा जाऊन येऊ या. मी म्हणायचे, बघू.

"काय म्हणते ती?" आँटींनी वन्संना विचारलं.

"काही नाही," वन्सं म्हणाल्या. त्या दिवसात पहिल्यांदाच त्यांनी माझं बोलणं इंग्रजीत नेलं नाही.

आँटींनी एकेक भांडं पुन्हा कागदात गुंडाळायला घेतलं. घाईनं नाही. पूर्वीच्याच घड्यांवरून कागद दुमडत.

"मीही नेम करते," त्या म्हणाल्या. "आमच्या महिन्याचा पहिला दिवस आणि पंधरावा. मांस नाही, मासळी नाही. साठ वर्षं झाली. उद्या पहिला दिवस आहे. पण माझ्या नेमापायी कुणाच्या तोंडचा घास परत जात नाही." खोक्याची झाकणं त्यांनी एकात एक अडकवली. "वरची खोली जेवणाऱ्या माणसासाठी आहे. तुमचं हॉटेल आहे ना? मग जा."

मग त्यांनी जाळी स्वतः सरकवून धरली. आम्ही बाहेर पडलो. सामान काढून ठेवायला वेळच झाला नव्हता, तेवढी सोय झाली.

हॉटेलच्या खिडकीतून मनोरे दिसत होते. वन्सं त्यांच्याकडे पाठ करून बसल्या. मी केळं खाल्लं, त्याचं साल कागदात गुंडाळलं.

"दादा आम्हा सगळ्यांशी खोटं बोलला," त्या म्हणाल्या. "तिच्याशी आईचं नाव करून. आमच्याशी पासपोर्टचं. खोटं बोलणारा माणूस होता का हो तो? बॉयलर नापास केला की कारखान्याचे मालक हातापाया पडायचे. कागदावर खोटी सही कधी केली नाही त्यानं. आणि तुमच्या एका पत्रापायी दोन घरांत खोटं बोलून ठेवलं. तुम्हाला कुणी नाव ठेवू नये म्हणून."

"हो."

"हो काय. आणि वर त्याच्याच नावानं पाच वर्षांचा नेम. त्यानं सांगितलं काय, तुम्ही करताय काय. त्यानं मागितलं होतं का तुमच्याकडे हे पुण्य?"

"नाही."

"आणि मी तुमच्या तोंडी घातलं ते काही बरं केलं नाही," त्या जराशा खालच्या पट्टीत म्हणाल्या. पण लगेच, "तरी तुम्ही काय मोठ्या बोलणार होतात," असं म्हणून त्यांनी टीव्ही लावला.

सकाळी अंघोळ करून मी बाळकृष्ण टेबलावर घडीच्या साडीवर ठेवला. खोलीत दिवा लावायचा नाही अशी पाटी होती, म्हणून नुसतं गंध लावलं, फुलाऐवजी अक्षता वाहिल्या. अध्याय वाचला. रोज शेवटी त्या दिवसापुरता नेम पार पाडून घे म्हणून मी हात जोडते. त्या दिवशी मी देवाला सांगितलं, की आजपासून माझ्याकडून होणार नाही. राग धरायचा तर माझ्यावर धर. ह्यांच्या खात्यात काही टाकलं असशील तर ते काढू नकोस.

मग शब्दकोश काढला आणि आँटींच्या त्या कार्डावरच्या कोऱ्या जागेत तीन वाक्यं इंग्रजीत लिहून काढली. आई आजारी नव्हती. ते वाक्य माझंच होतं. मी जेवायला आले आहे. दोन-तीनदा पुटपुटून पाहिली. तिसरं सगळ्यांत जड गेलं.

माझी शिध्याची पिशवी होती. छोटा कुकर, मुगाची डाळ, तांदूळ, मीठ, आणि घरी कुटलेल्या गोड्या मसाल्याची पुडी. पुडी काढून पर्समध्ये ठेवली. कुकर आणि बाकीचं सगळं टेबलाखाली सारलं. केळी आणि दूध वन्संच्या उशाशी ठेवलं. बॅगेची चेन लावताना आवाज झाला आणि त्या जाग्या झाल्या.

"कुठं निघालात?"

"जेवायला."

वन्सं उठून बसल्या. चष्मा शोधला, लावला, मला नीट पाहिलं.

"वहिनी, काल घराबाहेर काढलंय तिनं तुम्हाला. दारसुद्धा उघडायची नाही."

"आज अमावास्या. त्यांच्या महिन्याचा पहिला दिवस. नेमाचा दिवस आहे, घरीच असतील."

"त्यांचा नेम कळला. आणि तुमचा? पाच वर्षं पाण्यात जातील. अडीच महिन्यांसाठी."

"जातील."

"कार्तिकात येऊ पुन्हा. मंदार तिकीट काढेल."

"त्यांचं वय पाहिलंत ना, वन्सं. माझंही काही कमी नाही."

त्यांनी पाय खाली सोडले. "थांबा, साडी नेसते. तुमच्यासाठी बोलायला कुणीतरी हवं."

"नको," मी म्हटलं. "माझं मी बोलेन."

ते त्यांना लागलं. लागू दिलं. त्या परत गादीवर टेकल्या, आणि मग त्यांचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं.

"जेवायला जाताय तर बॅग कशाला घेताय?"

"तिथं उतरायचंय."

मी दार हळू ओढून घेतलं.

लिफ्टमध्ये पर्समधल्या पुडीचा वास भरला. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या माणसानं नाक वर करून इकडेतिकडे पाहिलं. खाली उतरून मी दारावरच्या डगलेवाल्या दरवानापाशी गेले. त्यानं टॅक्सीसाठी हात वर केला, तर मी नको म्हटलं, आणि माझ्या इंग्रजीत त्याला विचारलं, ब्रिकफील्ड्सला जाणारी रेल्वे कुठून मिळते. त्याला पहिल्यांदा समजलं नाही. मी पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं. मग त्यानं रस्ता दाखवला आणि मी चालू लागले.